फास्टर फेणेची वहिवाट

2025 सालच्या जुलै महिन्यात, सुपरमॅनचा नवा चित्रपट हडपसरच्या पडद्यांवर नुकताच लागलेला असताना, एका पावसाळी सायंकाळी पंधरा नंबरच्या चौकातून मांजरीकडे येणाऱ्या सहा आसनी रिक्षात माझ्यासमोर दोन शाळकरी मुले बसली होती, आणि अंगावरचे कपडे निथळत आहेत याचे भानही न ठेवता ती एका प्रश्नावर हमरीतुमरीवर आली होती. 2013 सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटाच्या अखेरीस सुपरमॅन आपल्या शत्रूची, जनरल झॉडची, मान मोडून त्याचा प्राण घेतो. तो सुपरमॅन खरा की खोटा, असा तो प्रश्न होता. धाकट्याचे म्हणणे असे, की ज्या कंपनीचा सुपरमॅन आहे तिनेच तो चित्रपट काढला, तेव्हा तो खोटा असेलच कसा? थोरला काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “कंपनीचा असेल रे, पण सुपरमॅन मारत नाही.”

मांजरीत राहणाऱ्या माणसाला हा वाद ऐकून जे आठवावे तेच मला आठवले. आमच्याकडे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जिथे ऊस उभा असे तिथे आता इमारती उभ्या आहेत. 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेच्या हद्दीत गेले. आणि या सर्व उलाढालीत घराघरांतून जो कागद अत्यंत जपून ठेवला जातो तो म्हणजे सातबाराचा उतारा. या उताऱ्याचे दोन भाग असतात. गाव नमुना सात हा अधिकाराचा : जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर बोजा कोणाचा आहे, ते तो सांगतो. गाव नमुना बारा हा पिकाचा : त्या जमिनीत कोणत्या साली कोणते पीक उभे राहिले आणि किती क्षेत्र पड राहिले, ते तो सांगतो. सातच्या नमुन्यात मालकी असते, बाराच्या नमुन्यात मशागत असते. आणि ज्यांनी गावच्या चावडीतले तंटे पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, की बहुतेक तंटे या दोन नमुन्यांच्या सांध्यावर उत्पन्न होतात. चित्रकथांतील महानायकांविषयी आज जगभर जे वाद चालले आहेत ते याच जातीचे आहेत, असे माझे मत त्या संध्याकाळी बनले आणि अद्याप ते बदललेले नाही. धाकटा मुलगा सात वाचून दाखवीत होता. थोरला बारा वाचून दाखवीत होता.

या वादांकडे पोरकटपणा म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. चित्रकथा, विज्ञानकथा, चित्रपटमालिका यांच्या बारीकसारीक तपशिलांत जे रमतात त्यांना इंग्रजीत ‘गीक’ म्हणतात. त्यांचे मेळे भरतात. आपल्या देशातील तसला मेळा, कॉमिक कॉन या नावाने, 2011 साली दिल्लीत प्रथम भरला. परंतु कलेतील एका तपशिलासाठी रात्र-रात्र भांडणे ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले, या प्रश्नावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत घरोघर तट पडले होते, आणि 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडाकरिता मुंबईत जो ‘संयुक्त मानापमान’ झाला त्याला लोटलेली गर्दी ही नाटक पाहण्यास जितकी आली होती तितकीच त्या वादाचा निकाल पाहण्यासही आली होती. रसिकाला आपला पक्ष असतो. तो पक्ष तो निष्ठेने मांडतो, याला मी दोष मानीत नाही.

आता या वादांतील पहिला शब्द घेऊ. इंग्रजीत त्यास ‘कॅनन’ म्हणतात. आपण त्यास ‘प्रमाण’ म्हणू. एखाद्या नायकाविषयी शेकडो कथा लिहिल्या गेल्यावर त्यांतील कोणत्या खऱ्या मानावयाच्या आणि कोणत्या प्रक्षिप्त, हा प्रश्न उत्पन्न होतो. पुणेकरांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडू नये. कारण ज्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेऊन, विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या विद्वानांच्या आयुष्याची आहुती त्यात घालून, 1966 साली ते पूर्ण केले, ते मंदिर याच शहरात आहे. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तेथे जमविली गेली, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील पाठ एकमेकांशी ताडून पाहिले गेले, आणि जे श्लोक मूळचे नव्हेत असे ठरले तेही फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत जतन केले गेले. प्रमाण ठरविण्याची ती रीत होती. तिच्यात शेकडो वर्षे ज्यांनी ती कथा उतरवून घेतली, सांगितली, वाढविली, त्या सर्वांची साक्ष काढलेली होती.

चित्रकथांच्या जगात प्रमाण ठरते ते हुकुमाने. सुपरमॅन आणि बॅटमन ज्यांच्या मालकीचे आहेत त्या डीसी कंपनीने 1985-86 साली एक बारा भागांची कथा काढून आपल्या आधीच्या पन्नास वर्षांच्या कथांतील अनेक जगे एका झटक्यात रद्द केली. ‘स्टार वॉर्स’ ही चित्रपटमालिका डिस्नेने विकत घेतल्यावर 2014 साली असा निर्णय जाहीर झाला, की तिच्यावर आजवर लिहिल्या गेलेल्या बहुतेक कादंबऱ्या यापुढे प्रमाण समजल्या जाणार नाहीत. वीस-वीस वर्षे ज्या वाचकांनी त्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांतील पात्रांवर जीव लावला, त्यांना एके दिवशी सांगण्यात आले की ते घडलेच नाही. हा फेरफार कायदेशीर होता यात शंका नाही. परंतु वाचकांस जो संताप आला तो का आला हे समजण्यास कायद्याचे पुस्तक उपयोगी पडत नाही. त्यास वहिवाट हा शब्दच पाहिजे.

मालकीच्या प्रश्नाची दुसरी बाजू याहून करुण आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि 1938 साली त्याचे सर्व हक्क 130 डॉलरना लिहून दिले. त्यानंतर त्या नायकाने कोट्यवधी मिळविले. शुस्टरची दृष्टी अधू होत गेली. आणि 1975 साली, सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याच्या बेतात असताना लोकापवादाच्या भीतीने का होईना, त्या दोघांना वार्षिक 20,000 डॉलरचे निवृत्तिवेतन आणि कर्ते म्हणून नाव देण्याचे मान्य करण्यात आले. बॅटमनचा पोशाख, त्याची गुहा, त्याच्या शहराचे नाव यांत ज्याचा हात होता तो बिल फिंगर 1974 साली वारला, आणि बॅटमनच्या कर्त्यांत त्याचे नाव लागण्यास 2015 साल उजाडावे लागले. मुंबई इलाख्याने 1948 साली कूळकायदा करून जो कसतो त्याचा जमिनीशी काही संबंध असतो हे मान्य केले; 1 एप्रिल 1957 रोजी तर राबणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यात आले. कल्पनेच्या शेतात राबणाऱ्यांसाठी असा कृषकदिन अजून उगवलेला नाही.

आणि हे सर्व अमेरिकेतच घडते असे समजण्याचे कारण नाही. हिंदी प्रदेशात ज्याची लोकप्रियता अपार होती तो ‘नागराज’ 1986 साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने काढला. परंतु त्याच्या पहिल्या अंकातील चित्रे काढली ती पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. याच मुळीकांनी अनंत पैंच्या अमर चित्र कथेसाठी कितीतरी अंक चितारले होते. अमिताभ बच्चन यांना नायक करून 1980 च्या दशकात निघालेल्या ‘सुप्रीमो’ या मालिकेची चित्रेही त्यांचीच. अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ राम वाईरकरांच्या हातचा, आणि पुढे ‘टिंकल’मधील सुप्पंडीला रूप दिले तेही त्यांनीच. भारतीय मुलांनी डोळ्यांसमोर जे देव, जे वीर आणि जे महानायक पाहिले त्यांतील पुष्कळांची नाकडोळ्यांची ठेवण अशी मराठी कुंचल्यातून उतरली आहे. नागराजच्या हिरव्या खवल्यांवर जीव टाकणाऱ्या पाटण्याच्या किंवा लखनौच्या वाचकास मुळीक हे नाव ठाऊक असते. पुण्यात मात्र त्या नावाची विचारपूस करणारे थोडे. चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर ठळक छापले जावे की नाही, हा प्रश्न आज परदेशी चित्रकथांच्या व्यवहारात पुन्हा पेटलेला आहे. आपण निदान आपल्या शहरातील माणसाचे नाव उच्चारण्यापासून आरंभ करावा.

मराठी मुलाच्या हातात चित्रकथेतील महानायक प्रथम आला तो मात्र परदेशीच होता. 1964 च्या मार्च महिन्यात टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि ली फॉकने 1936 साली निर्मिलेला ‘फँटम’ पुढे मराठीतही ‘वेताळ’ होऊन अवतरला. या नामांतराचे मला अजूनही कौतुक वाटते. गावोगावच्या वेशीबाहेर शेंदूर लावलेला, भुतांचा राजा म्हणून ज्याची पालखी निघते तो आपला वेताळ. आणि जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसणारा, दुष्टांच्या हनुवटीवर आपल्या अंगठीची खूण उमटविणारा हा जांभळ्या कपड्यांतला पुरुष. या दोघांची गाठ कोण्या अनामिक भाषांतरकाराने घातली आणि ती इतकी घट्ट बसली, की तो पुरुष कुळाने इंग्रज आहे ही गोष्ट वाचणाऱ्या मुलांच्या ध्यानातही येत नसे. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालशी घोटाळा करील म्हणून भारतीय आवृत्तीत तो देश ‘डेंकाली’ झाला. आज त्या कथा उघडल्या म्हणजे एक गोरा पुरुष वंशपरंपरेने काळ्या लोकांच्या अरण्यावर सत्ता चालवितो, ही गोष्ट डोळ्यांत सलते, आणि जुन्या नायकांची अशी फेरतपासणी करणारे अभ्यासक चुकतात असे मी म्हणणार नाही. परंतु 1990 साली इंद्रजाल बंद पडले तेव्हा मराठी मुलाच्या हातून जे गेले ते वेताळाचे साम्राज्य नव्हते. दर आठवड्यास पेपरवाल्याची वाट पाहण्याचा, आपल्या भाषेतले चित्रमय पुस्तक आपल्या पैशांनी विकत घेण्याचा जो हक्क होता, तो गेला.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या नायकाकडे येतो. मांजरीहून सोलापूरचा रस्ता ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे थोड्याच अंतरावर फुरसुंगी लागते. कचऱ्याच्या डेपोमुळे या गावाचे नाव गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत येत राहिले आहे; 2017 साली ते महापालिकेत गेले आणि पुढे उरुळी देवाचीसह वेगळे काढून त्याची नगरपरिषद झाली. परंतु मराठी वाङ्मयाच्या नकाशावर फुरसुंगीची नोंद निराळ्याच कारणाने झालेली आहे. बनेश फेणे या किडकिडीत, सायकलवर वाऱ्यासारख्या सुटणाऱ्या, जिभेने टाळूवर ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणाऱ्या मुलाचे ते गाव. पुण्याच्या विद्याभवनात तो शिकतो, सुभाष देसाई त्याचा मित्र आणि माली त्याची बहीण, आणि संकट जिथे असेल तिथे तो असतो, किंवा तो जिथे असेल तिथे संकट येते. भास्कर रामचंद्र भागवत यांनी (1910-2001) ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’ अशी वीस पुस्तके त्याच्यावर लिहिली.

भागवत हे कोणी सहज बालवाङ्मयाकडे वळलेले लेखक नव्हते. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा त्यांनी मराठीत आणल्या, ‘बालमित्र’ हे मासिक मुलांसाठी चालविले, अमर चित्र कथेच्या शिवाजीवरील अंकाची संहिता लिहिली. आणि त्या अंकाची चित्रे काढली होती वर ज्यांचा उल्लेख केला त्या प्रताप मुळीकांनी. पुण्याच्या परिसरातील दोन माणसे, एक शब्दांची आणि एक रेषांची, अशी एका अंकात भेटली होती, ही गोष्ट मला पुनःपुन्हा आठवावीशी वाटते. कारण त्या दोघांनी मिळून फास्टर फेणेची चित्रकथा का केली नाही, याची हळहळ तिच्यामागोमाग येते.

फास्टर फेणेस महानायक म्हणता येईल काय? त्याला उडता येत नाही, त्याच्या डोळ्यांतून किरण निघत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांवर रहस्यकथांतून वावरणाऱ्या झुंजार, काळापहाड यांच्यासारखा दराराही त्याच्यापाशी नाही. मराठी पडद्यावर रीतसर मुखवटा घालून आलेला नायक पाहावयाचा तर निखिल महाजन दिग्दर्शित ‘बाजी’ (2015) हा चित्रपट आहे. त्यात श्रेयस तळपदे मुखवट्याआडचा तारणहार झाले आहेत, आणि तो प्रयत्न धाडसाचा होता. परंतु महानायकाचे लक्षण मुखवटा नव्हे आणि सामर्थ्यही नव्हे. जे दुसऱ्यास दिसत असूनही दुसरा जिथे थांबतो तिथे जो थांबत नाही, आणि जे करणे आपल्या हातात असूनही अयोग्य म्हणून जो करीत नाही, तो महानायक. या दोन अटींपैकी पहिली फास्टर फेणे आपल्या सायकलवर बसून पुरी करतो. दुसरी त्या रिक्षातील मुलाने मला शिकविली. आणि फेणेची गोष्ट आणखी अशी, की त्याच्या पराक्रमाची कक्षा मुलाच्या आवाक्यातील आहे. सुपरमॅनच्या क्रिप्टन ग्रहाहून कोणी मांजरीस येण्याचा संभव नाही. फुरसुंगीहून मात्र सायकलवर कोणीही येऊ शकतो.

या नायकाचा पडद्यावरील प्रवास पाहण्यासारखा आहे. 1980 च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि सुमीत राघवन या तेव्हाच्या किशोराने ती भूमिका केली. तेथे तो शाळकरी मुलगाच होता. त्यानंतर 27 ऑक्टोबर 2017 रोजी ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला. रितेश देशमुख यांच्या संस्थेची निर्मिती, क्षितिज पटवर्धनांची पटकथा, आदित्य सरपोतदारांचे दिग्दर्शन आणि अमेय वाघ यांचा बनेश. येथे बनेश वयाने वाढला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी तो पुण्यास येतो, एका मुलाच्या मृत्यूचा माग काढतो, आणि परीक्षेच्या काळ्या बाजाराचा सूत्रधार असलेला अप्पा, म्हणजे गिरीश कुलकर्णी, त्याच्यासमोर उभा राहतो. पटकथाकाराने एक फार सुंदर युक्ती केली आहे : स्वतः भा. रा. भागवत हे त्या कथेतील एक पात्र आहेत, आणि दिलीप प्रभावळकरांनी ते उभे केले आहेत. कर्त्याच्या घरी त्याच्या मानसपुत्राने मुक्कामास यावे, याहून आदराने फेरफाराची नोंद करता आली नसती.

हा चित्रपट लागला तेव्हा जुन्या वाचकांत जो वाद झाला तो मला आठवतो. फेणेचे वय वाढविण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असे काहींचे म्हणणे. काळ बदलला, सायकलवरून चोर पकडण्याचे दिवस गेले, असे इतरांचे. माझा निकाल असा आहे, की चित्रपट प्रामाणिक आहे आणि त्यातील बनेश हा बनेशच आहे. कारण दुसरा जिथे थांबतो तिथे तो थांबत नाही. परंतु त्या वादात एक पक्षकार हजरच नव्हता. ते बालक, ज्याच्यासाठी हा नायक निर्माण झाला, त्याची कैफियत कोणी नोंदविली नाही. चित्रपट पाहण्यास गेले ते बहुतांशी लहानपणी पुस्तके वाचलेले आईबाप, आणि खून, परीक्षा व भ्रष्टाचार यांची ती कथा त्यांच्या वयास शोभणारी होती. दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्यास त्यातून जे यावयाचे ते थोडेच आले.

हीच गोष्ट जगात फार मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. अमेरिकेत 1954 साली फ्रेडरिक वर्दम या मनोवैद्याने चित्रकथा मुलांना बिघडवितात असा गिल्ला केला, सीनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. म्हणजे त्या वेळी चित्रकथा मुलांच्या आहेत हे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 1986 साली, अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ने व फ्रँक मिलरच्या वृद्ध बॅटमनने महानायकास प्रौढांच्या अंधाऱ्या जगात नेले. 2008 च्या ‘आयर्न मॅन’पासून मार्व्हलच्या चित्रपटांची एकमेकांत गुंतलेली मालिका सुरू झाली, आणि 2019 च्या ‘अॅव्हेंजर्स : एंडगेम’ने जगभर 279 कोटी डॉलरहून अधिक जमविले. त्याच वर्षी मार्टिन स्कॉर्सेसी यांनी हे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, करमणुकीच्या बागेतील पाळणे आहेत अशा अर्थाचे उद्गार काढले आणि मोठे वादळ उठले. परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो खुद्द अॅलन मूर यांनी 2022 साली दिलेला इशारा : बारा वर्षांच्या मुलांसाठी घडविलेल्या नायकांसमोर प्रौढांनी लाखोंच्या संख्येने रांगा लावाव्यात, हे समाजाच्या प्रकृतीचे चांगले चिन्ह नव्हे, असे त्यांचे सांगणे होते. मूर यांना प्रौढांची काळजी वाटते. मला त्या बारा वर्षांच्या मुलाची वाटते, ज्याच्या हातचे खेळणे मोठ्यांनी घेतले आणि परत दिले नाही. 2025 च्या त्याच सुपरमॅनच्या बाबतीत पाहा : आपल्याकडे वर्तमानपत्रांतून गाजले ते प्रमाणन मंडळाने चुंबनाच्या दृश्यातील सुमारे 33 सेकंद कापले, हे प्रकरण. मारावे की मारू नये, हा प्रश्न फक्त रिक्षातील मुलांनी काढला.

फास्टर फेणेच्या दिग्दर्शकाचा पुढील मार्गही या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. मूकपटांच्या काळात पुण्यात आर्यन फिल्म कंपनी चालविणारे नानासाहेब सरपोतदार यांच्या कुळातले आदित्य सरपोतदार; त्यांनी 2022 साली मराठीत ‘झोंबिवली’ काढला आणि 7 जून 2024 रोजी त्यांचा ‘मुंज्या’ आला. मुंज झाल्यावर लवकरच मेलेल्या मुलाचे पिंपळावर राहणारे भूत, ही कोकणातल्या कोणत्याही आजीने सांगितलेली गोष्ट. कथेची भूमी कोकण आणि पुणे. परंतु चित्रपट हिंदी, आणि ‘स्त्री’, ‘भेडिया’ यांच्यासह एकाच निर्मात्याने रचलेल्या भयविनोदी विश्वाचा तो एक घटक. चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. त्यात कोणाचा अपराध आहे असे मी म्हणत नाही, कारण ज्या निर्मात्याने भांडवल घातले त्याने आपली भाषा निवडली, आणि दिग्दर्शकाने आपल्या मातीतील गोष्ट देशभर नेली हे अभिमानाचेच आहे. परंतु पीक आपल्या शिवारातले असून ते दुसऱ्या गावच्या बाजारात विकले गेल्यावर आपल्या कोठारात काय उरले, हे पाहणे आपले काम आहे.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. 2004 साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी स्पायडरमॅनचा एक भारतीय अवतार घडविला : पवित्र प्रभाकर, खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईस आलेला मुलगा, ज्याला कोळ्याच्या दंशाने नव्हे तर एका योग्याच्या कृपेने सामर्थ्य मिळते. 2023 साली ‘अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात तो मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या नावांच्या संधीने बनलेल्या ‘मुंबॅटन’ नगरीत झोके घेताना दिसला, आणि हा चित्रपट भारतात ज्या दहा भाषांत लागला त्यांत मराठीही होती. मराठी बोलणारा स्पायडरमॅन ऐकताना मला आनंद झाला हे मी लपवीत नाही. तथापि नामांतर म्हणजे जन्म नव्हे. पवित्र प्रभाकरास आपला म्हणताना आपण दुसऱ्याच्या सातबारावर इतर हक्कात नाव लावून घेतो. फेणेच्या बाबतीत सात आणि बारा दोन्ही आपले होते.

कायद्याने पाहता लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे आपल्याकडे स्वामित्वहक्क चालतो. म्हणजे फास्टर फेणे 2062 साली सर्वांचा होईल. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे सुपरमॅनच्या पहिल्या कथा 2034 च्या आरंभी मुक्त होतील. त्या दिवशी सुपरमॅनवर हजार लेखक झडप घालतील, कारण त्याची मशागत एक वर्षही खंडित झालेली नाही. फास्टर फेणेची पुस्तके आजही छापली जातात आणि पुण्याच्या दुकानांत मिळतात; परंतु त्याच्या जातीचा, आजच्या मराठी मुलाच्या वयाचा, मांजरीच्या नव्या सदनिकेत राहणारा, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या उसाच्या वाफ्यांपलीकडे किंवा रेल्वेच्या रुळांकडेला ज्याला काही संशयास्पद दिसते असा नवा नायक कोठे आहे? 1991 साली ‘सकाळ’मधून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ निघाला, आणि रोज तीन-चार चौकटींत एका मराठी मुलाचे घर, गच्ची आणि मित्र एवढ्यावर त्याने लाखो वाचक मिळविले. म्हणजे पीक येत नाही असे नाही. पेरणारा पाहिजे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून चालू आहे. चित्रकार आपल्याकडे होते आणि आहेत. तरीही साहसाच्या मराठी बालकथेच्या बाराच्या नमुन्यात गेली कित्येक वर्षे ‘पड’ अशी नोंद होत आहे, हे मी खेदाने लिहितो.

त्या रिक्षातील थोरल्या मुलास, उतरताना, मी विचारले की फास्टर फेणे हे नाव त्याने ऐकले आहे काय. तो म्हणाला, “ऐकलंय, काका. पिक्चर होता ना? पण तो मोठ्या माणसांचा.” मी त्यास फुरसुंगीचे नाव सांगितले तेव्हा मात्र तो चमकला, त्याचा मामा तिथे राहत होता. त्यानंतर आठवड्याभराने मी माझ्याजवळची तीन पुस्तके त्याच्या घरी पोचती केली. ती अजून परत आलेली नाहीत, आणि धाकटा ती आपल्या वर्गात फिरवीत आहे, असे मला कळले आहे.

वाचकांपाशी माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. ज्यांच्या माळ्यावर ‘बालमित्र’चे अंक, मराठी इंद्रजालचे गठ्ठे किंवा मुळीक-वाईरकरांच्या चित्रांचे जुने अंक पडून असतील त्यांनी ते रद्दीवाल्यास देऊ नयेत, आपल्या भागातील शाळेच्या अथवा सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालाकडे द्यावेत, आणि त्यांवरील चित्रकारांची नावे नोंदवहीत लिहून घेण्याची विनंती करावी. आणि ज्यांच्या हातात लेखणी किंवा कुंचला आहे त्यांनी, मोठ्यांसाठी पुष्कळ लिहून-काढून झाले असेल तर, एक नायक दहा वर्षांच्या मुलासाठी घडवावा. त्याचे गाव मांजरी असले तर मला विशेष आनंद होईल.